हर्बर्ट मार्क्यूज आणि विद्यार्थ्यांचें बंड : एका आख्यायिकेचें परीक्षण

ज्या पुरुषाभोंवतीं त्याच्या हयातींतच आख्यायिका जमूं लागते, त्याचें चरित्र लिहिणें संशोधकास फार जिकिरीचें जातें. बखरकार आधीं प्रसंग घेतो, मग त्या प्रसंगास नायक शोधतो, आणि नायक एकदां सांपडला म्हणजे कालक्रमाची फारशी फिकीर करीत नाहीं. आमच्याकडील बखरींचा हा गुण वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु वर्तमानपत्रें, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांनीं गजबजलेल्या देशांतही बखरी तयार होतात, व त्या आपल्या बखरींहून अधिक वेगानें पसरतात. जर्मनींत जन्मलेला व पुढें अमेरिकन झालेला तत्त्वज्ञ हर्बर्ट मार्क्यूज (१८९८–१९७९) याच्याविषयींची बखर त्याच जातीची आहे.

बखर अशी कीं, १९६८ सालीं पॅरिस, बर्लिन, रोम व कॅलिफोर्निया येथील विद्यार्थ्यांनीं जें बंड केलें त्याचा हा गुरु. त्याच्या ग्रंथांनीं तरुणांचीं डोकीं पेटलीं. आणि स्वतः तो मात्र अमेरिकन सरकारच्या हेरखात्याचा पगारी चाकर होता. यांतील पहिलें विधान अर्धें खरें आहे, दुसरें बव्हंशीं कालविपर्यस्त आहे, आणि तिसऱ्यांत एका खऱ्या गोष्टीचा अनर्थ केलेला आहे. हें दाखविण्यास अस्सल कागद आतां पुरेसे उपलब्ध आहेत. डग्लस केलनर यानें संपादिलेले मार्क्यूजच्या लेखांचे सहा खंड १९९८ ते २०१४ या काळांत प्रसिद्ध झाले; सरकारी नोकरींतील अहवाल राफाएले लाउदानी यानें २०१३ सालीं छापले; आणि आडोर्नोशीं झालेला शेवटचा पत्रव्यवहार १९९९ पासून इंग्रजींतही वाचावयास मिळतो.

प्रथम कालक्रम. मार्क्यूज बर्लिनमधील एका सुस्थितींतील यहुदी कुटुंबांत जन्मला. पहिल्या महायुद्धांत त्यास सैन्यांत जावें लागलें व १९१८ च्या क्रांतींत तो बर्लिनच्या रायनिकेनडोर्फ भागांतील सैनिक-मंडळावर निवडून आला. रोझा लुक्झेंबुर्ग व कार्ल लीब्क्नेश्त यांचे खून झाल्यावर त्यानें सोशल डेमोक्रॅटिक पक्षाशीं संबंध ठेविला नाहीं. १९२२ सालीं फ्रायबुर्ग येथें त्यास पंडित ही पदवी मिळाली ती जर्मन वाङ्मयांतील कलावंतविषयक कादंबरीवरील प्रबंधाबद्दल. त्यानंतर कांहीं वर्षें तो बर्लिनमध्यें पुस्तकांच्या धंद्यांत होता. १९२७ सालीं हायडेगरचा मुख्य ग्रंथ निघाला, तो वाचून मार्क्यूज दुसऱ्या वर्षीं पुन्हां फ्रायबुर्गास गेला. तेथें हेगेलवर त्यानें लिहिलेला ग्रंथ १९३२ सालीं छापला गेला. पण ज्या अध्यापनाधिकारासाठीं तो लिहिला होता तो अधिकार त्यास कधींच मिळाला नाहीं. त्याच वर्षीं मार्क्सचीं १८४४ सालचीं हस्तलिखितें प्रथम समग्र प्रसिद्ध झालीं व त्यांवरील अगदीं पहिल्या परीक्षणांपैकीं एक मार्क्यूजचें होतें. त्याच्या पुढील सर्व विचाराचें बीज या एका परीक्षणांत आहे असें आमचें मत आहे, आणि त्याच्या गाजलेल्या ग्रंथांपेक्षां तेंच वाचावें असें कोणी विचारल्यास आम्ही सांगूं.

हिटलरच्या उदयानंतर जिनीव्हा व तेथून १९३४ सालीं न्यूयॉर्क असा त्याचा प्रवास झाला. होर्कहायमरच्या सामाजिक संशोधन संस्थेनें त्यास आश्रय दिला. १९४१ सालीं हेगेलवरील त्याचा इंग्रजी ग्रंथ निघाला. पण वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी: विद्यापीठांत पूर्ण प्राध्यापकाची जागा त्यास प्रथम मिळाली ती १९५४ सालीं, ब्रँडाइस येथें; त्या वेळीं त्याचें वय ५६ वर्षांचें होतें. ज्याची गणना आज विद्यापीठीय तत्त्वज्ञांत होते त्याचें अर्ध्याहून अधिक आयुष्य विद्यापीठाच्या उंबरठ्याबाहेर गेलें.

आतां हेरगिरीचा आरोप. १९६९ च्या सुमारास हा आरोप विरोधकांनीं नव्हे, तर कांहीं डाव्या गटांनींच केला. त्याचें मूळ असें : १९४३ सालीं मार्क्यूज युद्धकालीन माहिती-खात्याच्या संशोधन शाखेंत दाखल झाला. फ्रांझ नॉयमन व ओटो किर्खहायमर हे त्याचे तेथील सहकारी. युद्ध संपतांच तें खातें मोडलें व त्याची शाखा परराष्ट्रखात्याकडे गेली. मार्क्यूज तेथें १९५१ पर्यंत राहिला. ज्या मध्यवर्ती गुप्तवार्ता संस्थेचें नांव घेऊन त्याच्यावर चिखल उडविण्यांत आला ती १९४७ सालीं स्थापन झाली, व तो तिच्या नोकरींत नव्हता. राहिला प्रश्न त्यानें केलें काय याचा. छापलेले अहवाल पाहिले म्हणजे दिसतें कीं, जर्मनींतील नात्सी राजवटीस कोणत्या वर्गांचा आधार होता, पक्ष कसे मोडले, युद्धानंतर कोणास अधिकारावरून दूर करावें, हे त्यांचे विषय होते. ज्या राजवटीनें त्यास देशोधडीस लाविलें तिच्याविरुद्ध लेखणी चालविणें यास फितुरी म्हणावयाचें असेल तर शब्दांस अर्थच राहणार नाहीं. मात्र एक उणीव सांगितली पाहिजे. शीतयुद्ध सुरू झाल्यानंतरही तो त्या कचेरींत कां राहिला, याचें त्यानें पुढें दिलेलें समर्थन युद्धकाळाविषयीं जितकें पटतें तितकें त्या नंतरच्या वर्षांविषयीं पटत नाहीं.

याच काळांतील तीन पत्रें आमच्या दृष्टीनें त्याच्या चरित्रांतील सर्वांत मोलाचीं आहेत. १९४७ सालीं तो हायडेगरला त्याच्या डोंगरावरील घरीं भेटला, व २८ ऑगस्टला त्यास पत्र लिहून, नात्सी राजवटीशीं आपण संबंध तोडल्याचें जाहीरपणें एकदां तरी सांगावें अशी विनंती केली. त्याच पत्रांत, मित्रांचा विरोध पत्करून आपण अन्नधान्याचें पार्सल पाठवीत आहों, असेंही कळविलें. हायडेगरचें उत्तर २० जानेवारी १९४८ चें आहे. त्यांत यहुद्यांच्या संहाराशेजारीं पूर्वेकडील जर्मनांचे हाल मांडून हिशेब सारखा करण्याचा प्रयत्न आहे. १३ मेच्या उत्तरांत मार्क्यूजनें ही बरोबरी साफ नाकारिली. गुरूचें ऋण मानणें व गुरूस माफी न देणें, या दोन्ही गोष्टी एकाच माणसानें एकाच लेखणीनें केल्या. हें पार्सल व हें उत्तर एकत्र ठेवून जो वाचणार नाहीं त्यास मार्क्यूज कळणार नाहीं.

आतां मुख्य मुद्दा, बंडाचें गुरुत्व. ‘एकमितीय मानव’ हा त्याचा ग्रंथ १९६४ सालचा. त्याचें जर्मन भाषांतर १९६७ सालीं व फ्रेंच भाषांतर १९६८ सालीं निघालें. म्हणजे पॅरिसमधील गडबड उसळली तेव्हां तें पुस्तक तेथें नुकतेंच दुकानांत येत होतें. त्याचा आधींचा फ्रॉइडविषयक ग्रंथ १९६३ पासून फ्रेंचमध्यें होता हें खरें. तथापि पॅरिसच्या पुढाऱ्यांपैकीं दानिएल कोन-बेंडिट यानेंच, आमच्यांतील कोणी मार्क्यूज वाचलेला नाहीं, असें थट्टेनें सांगितलें आहे. योगायोगानें मार्क्यूज मेच्या आरंभीं पॅरिसमध्यें होता, पण युनेस्कोनें भरविलेल्या मार्क्सविषयक परिषदेसाठीं. नायक रंगभूमीवर हजर होता, एवढ्यावरून नाटक त्यानें लिहिलें असें बखरकारांनीं ठरविलें! बर्लिनची गोष्ट निराळी. तेथें जून १९६७ मध्यें बेन्नो ओनेझोर्ग हा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीनें मेल्यानंतर महिन्याभरानें मार्क्यूजनें व्याख्यानें दिलीं व तीं ऐकण्यास विद्यार्थ्यांनीं गर्दी केली; तेथें त्याचा प्रभाव प्रत्यक्ष होता. ‘मुक्तिविषयक निबंध’ १९६९ सालीं निघाला म्हणून तो पॅरिसच्या घटनांवरील भाष्य समजतात. पण तो त्या घटनांपूर्वींच लिहिलेला होता, हें लेखकानें प्रस्तावनेंतच सांगितलें आहे. प्रस्तावना वाचण्याचा कंटाळा हा अनेक मोठ्या प्रमादांचें मूळ आहे.

३१ जानेवारी १९६९ रोजीं फ्रांकफुर्टच्या संस्थेंत विद्यार्थी शिरले; आडोर्नो व त्याच्या सहकाऱ्यांनीं पोलिस बोलाविले व ७६ विद्यार्थी पकडले गेले. त्यांत आडोर्नोचाच शिष्य हान्स-युर्गेन क्राल होता. त्यावरून दोन जुन्या मित्रांत जो पत्रव्यवहार झाला तो वाचतांना मन अस्वस्थ होतें. मार्क्यूजचें म्हणणें, पोलिस कीं विद्यार्थी अशी निवड आली तर मी विद्यार्थ्यांच्या बाजूस. पण त्याच ५ एप्रिलच्या पत्रांत तो स्पष्ट लिहितो कीं परिस्थिति क्रांतीची नाहीं, क्रांतिपूर्व अशीही नाहीं. ज्यास लोक बंडाचा प्रेषित म्हणत होते त्याचें खाजगी मत हें होतें. आडोर्नोनें उत्तरादाखल विचारलें कीं, यहुद्यांची कत्तल चालू असतांना आपण कृतीकडे वळलों नाहीं, कारण मार्ग बंद होता. मग आतांच हें कां? या प्रश्नास मार्क्यूजनें दिलेलीं उत्तरें सद्भावपूर्ण आहेत, पण पुरेशीं नाहींत. दोघांची भेट ठरत होती. ती होण्यापूर्वीं ६ ऑगस्टला आडोर्नो स्वित्झर्लंडमध्यें मरण पावला.

इकडे सान डिएगो येथें १९६८ च्या उन्हाळ्यांत माजी सैनिकांच्या एका संघानें, या प्राध्यापकाचा करार विकत घेऊन त्यास घालविण्यासाठीं विद्यापीठास २०,००० डॉलर देऊं केले. विद्यापीठानें ते घेतले नाहींत. ज्या समाजांत विरोधही सहज पचविला जातो असें त्यानें लिहिलें होतें, त्या समाजास तो स्वतः मात्र पचत नव्हता. आपल्या सिद्धांतावरील हा आक्षेप त्यास सुचला असावा असें त्याच्या लेखनांत आम्हांस दिसलें नाहीं.

त्याच्या लेखनांतील खरें दुबळें स्थळ १९६५ सालचा सहिष्णुतेवरील निबंध होय. प्रबळ व दुर्बळ यांस सारखीच मोकळीक दिली म्हणजे ती प्रबळांच्याच पदरांत पडते, हें निदान मार्मिक आहे. परंतु पुढें तो उजव्या चळवळींची मोकळीक काढून घ्यावी म्हणतो, तेव्हां ती काढणार कोण, याचें उत्तर सारासार विचार करणारा प्रत्येक मनुष्य असें कांहींसें मिळतें. आणि सत्ता हातीं असलेला प्रत्येक मनुष्य आपणांस तसाच समजतो. निबंध त्यानें आपल्या ब्रँडाइसच्या विद्यार्थ्यांस अर्पण केला होता. टीकाकार हा निबंध नेहमीं उद्धृत करतात, पण सप्टेंबर १९७७ मध्यें, जर्मनींतील सशस्त्र गटांचे खून चालू असतां, खून हें राजकारणाचें हत्यार होऊं शकत नाहीं असें त्यानें ‘दी त्साइट’मध्यें छापून सांगितलें, तें उद्धृत करीत नाहींत. १९७४ सालीं स्टॅनफर्ड येथें त्यानें स्त्रियांच्या चळवळीविषयीं दिलेल्या व्याख्यानाचीही अशीच उपेक्षा झालेली आहे. ७५ वर्षांच्या या वृद्धास सर्व चळवळींत तीच अधिक मूलगामी ठरेल असें वाटत होतें.

२९ जुलै १९७९ रोजीं, जर्मनीच्या दौऱ्यावर असतां, तो श्टार्नबेर्ग येथें वारला. त्याचा रक्षाकलश अमेरिकेंत गेला व तेथें कित्येक वर्षें कोणाच्या ध्यानांत राहिला नाहीं. २००३ सालीं तो बर्लिनला आणून, जेथें हेगेल व फिक्टे पुरले आहेत त्या दफनभूमींत ठेवण्यांत आला.