कर्करोगाचा प्रसार आणि प्रथिन-विघटक विकरे : एका रूपकाची परीक्षा

ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागांतून मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण मध्य रेल्वेने परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येतात. गालातील वा जिभेवरील व्रण दिसतो. परंतु रोगाच्या पेशी मानेतील गाठींपर्यंत पोहोचल्या आहेत किंवा नाहीत, हे पुष्कळदा दिसत नाही. पेशी आपल्या मूळ स्थानाची मर्यादा कशी ओलांडते, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. या प्रश्नाचे जे उत्तर पदव्युत्तर वर्गांत दिले जाते आणि प्रबंधिकांतून पुनःपुन्हा लिहिले जाते, ते तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

उत्तर असे की, अर्बुदाची पेशी प्रथिन-विघटक विकरे स्रवते, ती विकरे कात्रीप्रमाणे आधारपटल कापतात आणि मोकळ्या झालेल्या वाटेने पेशी रक्तवाहिन्यांत वा लसीकावाहिन्यांत शिरते. या उपपत्तीचा पाया भक्कम होता, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. 1962 मध्ये ग्रॉस व लापिएर यांनी बेडकाच्या भैकेराची शेपटी नाहीशी होताना कोलॅजेनचे विघटन करणारे विकर कार्य करते, हे दाखवून दिले. 1980 मध्ये लिओटा व त्यांचे सहकारी यांनी अर्बुदांची प्रसारक्षमता आणि आधारपटलातील कोलॅजेनचे विघटन यांचा संबंध दाखविला. पुढे 1990 नंतरच्या दशकात कात्री बोथट करणारी औषधे निघाली. मॅरिमास्टॅटने सांधे व स्नायू दुखू लागले, परंतु अपेक्षित लाभ झाला नाही. टॅनोमास्टॅट घेणाऱ्या फुप्फुस-कर्करोगाच्या काही रुग्णांची अवस्था तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली व 1999 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली.

औषधे फार उशिरा, प्रसार होऊन गेल्यावर दिली गेली, हा बचाव खरा आहे; पण अपुरा आहे. या कुलातील काही विकरे रोगाला विरोधही करतात. आठव्या क्रमांकाचे विकर नसलेल्या नर उंदरांत त्वचेची अर्बुदे अधिक होतात, असे 2003 मध्ये दिसून आले. त्याच वर्षी वोल्फ, फ्रीडल प्रभृतींनी दाखविले की, कापण्याचा मार्ग बंद केला तरी पेशी अमीबाप्रमाणे आकार बदलून तंतूंच्या फटींतून पुढे सरकते. जाळे फारच घट्ट असेल तेथे मात्र कात्रीवाचून चालत नाही. स्तनाच्या कर्करोगात तर युरोकायनेजला अडविणाऱ्या पीएआय-1 या प्रथिनाचे प्रमाण अधिक असणे हेच वाईट भविष्याचे लक्षण ठरते. केवळ कात्रीचे रूपक घेऊन याचा उलगडा करता येणार नाही.

आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. जिलेटिन झायमोग्राफी ही पद्धत स्वस्त व सोपी असल्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळांत ती प्रिय आहे. तसे असण्यात गैर काही नाही. परंतु निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा पट्टा दिसला की ‘अर्बुद आक्रमक आहे’ असे लिहून मोकळे होणे, हे अनुमान नव्हे. या पद्धतीत वापरले जाणारे एसडीएस हे द्रव्य विकराची सुप्त रूपेही उलगडते. म्हणून 92 व 72 किलोडाल्टनचे सुप्त रेणूही पट्टा देतात. ऊतकात विकराला बांधून ठेवणारे निरोधक जेलवर त्याच्यापासून अलग होतात. म्हणजे जे जिवंत ऊतकात जखडलेले होते, ते जेलवर मोकळे काम करताना दिसते! शिवाय नवव्या क्रमांकाचे विकर न्यूट्रोफिल श्वेतपेशींत साठविलेले असते आणि मुखातील व्रणात या पेशींची गर्दी असते. ऊतक वाटून काढलेल्या अर्कातील पट्टा कोणाचा, कर्कपेशीचा की दाहाचा, हे वाटण्यापूर्वी घेतलेला छेद पाहिल्यावाचून कसे सांगावे? 1952 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ होते, याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये.

रुग्णालयातील निर्णय आज कशावर होतो, तेही पाहण्याजोगे आहे. टाटा मेमोरियलच्या डिक्रूझ व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मुखाच्या प्रारंभिक कर्करोगात मानेतील गाठी आरंभीच काढलेल्या रुग्णांपैकी 80 टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते. गाठी दिसू लागल्यावर काढलेल्यांत हेच प्रमाण 67.5 टक्के होते. पुढे 2018 पासून अमलात आलेल्या अवस्था-वर्गीकरणात अर्बुद किती मिलिमीटर खोल गेले, या मापाला स्थान मिळाले. विकराच्या कोणत्याही मापाला मिळाले नाही. तेव्हा ज्या विद्यार्थ्याला झायमोग्राफीच करावयाची आहे, त्याने सुप्त व कार्यक्षम रूपांचे पट्टे वेगळे मोजावेत आणि त्याच अर्बुदाची खोली विकृतिशास्त्रज्ञाकडून मागून घ्यावी. खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्राकडे जाण्यास ठाण्याहून थेट गाडी आहे.