जिन्नांच्या दरबारातील फिर्याद

सृष्टीच्या जपणुकीविषयी इस्लामची दृष्टी कोणती, ह्या प्रश्नाची अलीकडची उत्तरे बहुधा जाहीरनाम्यांच्या रूपाने मिळतात. २०१५ साली इस्तंबूल येथे हवामानबदलाविषयीची घोषणा झाली. २०२४ साली ‘अल-मीझान’ ह्या नावाने पृथ्वीसंबंधीचा करारनामा प्रसिद्ध झाला. मनुष्य हा पृथ्वीवर ‘खलीफा’, म्हणजे नेमलेला प्रतिनिधी आहे, स्वामी नव्हे; सृष्टी ही त्याच्याकडील ‘अमानत’ आहे; आणि तिचा ‘मीझान’, म्हणजे तोल, त्याने ढळू देऊ नये, ह्या कुराणप्रणीत कल्पना अशा विचाराच्या मुळाशी असतात. विचार उदात्त आहे. परंतु घोषणेच्या प्रकृतीतच एक उणीव असते. तीत मनुष्यच मनुष्याचे कर्तव्य ठरवितो आणि ज्यांच्याविषयी ते ठरवावयाचे ते मूकच राहतात. अरबी वाङ्मयातील एका कथेने ही उणीव हजार वर्षांपूर्वीच भरून काढली आहे.

दहाव्या शतकात बसऱ्यातील ‘इख्वान अल-सफा’, म्हणजे निर्मल बंधू, ह्या तत्त्वचिंतकांच्या मंडळाने प्रबंधांचा एक ज्ञानकोश रचला. त्यांतील बाविसाव्या प्रबंधात ही कथा येते. वादळात भरकटलेले गलबत एका बेटाला लागते. उतरलेली माणसे तेथील स्वच्छंद प्राण्यांना जुंपू लागतात. आणि प्राणी जिन्नांच्या राजाकडे दाद मागतात. श्वापदांचा वकील म्हणून उभा राहतो तो कलीला नावाचा कोल्हा. पंचतंत्रातील करटकच अरबी अनुवादातून हे नाव धारण करून येथवर पोहोचला आहे. मात्र पंचतंत्रात प्राणी माणसांची राजनीती बोलतात. येथे ते स्वतःचे दुःख बोलतात. रूपककथेचे पात्र येथे फिर्यादी झाले आहे, आणि ह्या रचनेचे खरे महत्त्व ह्याच बदलात आहे.

मनुष्यांचे दावे एकेक करून ढासळतात. ताठ देहाचा अभिमान सांगावा, तर प्रत्येकाची घडण त्याच्या गरजेला अनुरूप आहे, असे उत्तर येते. आम्ही ह्यांना चारापाणी देतो म्हणावे, तर तो जिव्हाळा मालमत्तेचा, असे खेचर सुनावते. कारागिरी मिरवावी, तर कंपासपट्टीवाचून षट्कोन साधणारी मधमाशी समोर ठाकते. पृथ्वीवरील पशुपक्षी हेही माणसांसारखेच समाज होत, हे कुराणवचन येथे युक्तिवाद म्हणून नव्हे, तर प्रत्यक्ष दृश्य म्हणून साकार होते.

आणि तरीही निकाल मनुष्यांच्या बाजूने लागतो. मरणोत्तर जीवनाचे वचन आम्हांलाच आहे, हा त्यांचा अखेरचा दावा. त्या वचनाबरोबर नरकाची ताकीदही आहे, ह्याची बुलबुल आठवण करून देतो. अखेर मानवजातीत प्रेषित आणि संत निपजतात, एवढ्यावर प्राणी माघार घेतात. हा शेवट ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. सारे मुद्दे हरलेला पक्ष खटला जिंकतो, हे वाचकाच्या न्यायबुद्धीला खटकल्यावाचून राहत नाही.

परंतु विजय कोणत्या आधारावर मिळाला, हे पाहिले पाहिजे. देह, बुद्धी, कला ह्यांपैकी एकही आधार टिकलेला नाही. उरले ते एवढेच की, मनुष्याला हिशेब द्यावयाचा आहे. ज्यांच्या पुण्याईवर तो जिंकला ते संत होत. खेचराच्या पाठीवर चाबूक ओढणारा नव्हे. राजा मनुष्याला अधिकार देतो, पण त्याच्यावरील आरोप खोटे ठरवीत नाही. ‘खलीफा’ ह्या पदाचा अर्थ येथे कोणत्याही भाष्यापेक्षा स्पष्ट होतो: ही सनद नसून जामीन आहे.

बसऱ्याच्या बंधूंना आजचे पर्यावरणवादी ठरविणे अनुचित होईल. त्यांचे उद्दिष्ट आत्मशुद्धीचे होते. तथापि जी फिर्याद त्यांनी नोंदविली ती निकालाने मिटलेली नाही. मौलवी इक्राम अली ह्यांनी १८१० साली फोर्ट विल्यम कॉलेजात ही कथा उर्दूत आणली; भारतीय वाङ्मयात ती तेव्हापासून उपस्थित आहे. प्राणिकथेकडे केवळ नीतिबोधाचे साधन म्हणून पाहण्याची सवय सुटेल, तेव्हा तिची दखल घेतली जाईल. साक्षी दरबारात उभे आहेत. उत्तर मनुष्याने द्यावयाचे आहे.