शांततेचे भित्तिपत्रक आणि रोहिणीचे पाणी

कोल्हापुरातील एका शाळेने ‘शांतता’ या विषयावर भित्तिपत्रकांची स्पर्धा ठेवली होती व परीक्षकांत आमचाही समावेश होता. बहुतेक मुलांनी पांढरे कबुतर काढले होते, काहींनी मिटल्या डोळ्यांचे बुद्ध, आणि दोघा-तिघांनी दोन्ही एकत्र. रंगकाम नेटके होते. मुलांना दोष देण्याचे कारण नाही. मोठ्यांनी त्यांच्यापुढे हेच नमुने ठेवले आहेत.

कबुतराचे कुळ पाहू. बायबलमधील नोहाच्या कथेतून ते आले आणि १९४९ च्या पॅरिस शांतता परिषदेसाठी पिकासोच्या चित्राची निवड झाल्यावर जगभर पसरले. आपल्या परंपरेत कबुतर आहे, पण निराळे. पालि सिवि जातकात राजा डोळ्यांचे दान करतो. तेथे कबुतर नाहीच. कबुतराची कथा अन्य परंपरेतली असून ती अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात चितारलेली आहे. तेथील कबुतर शांततेचे चिन्ह नव्हे. ससाण्याच्या भयाने आश्रयाला आलेला तो एक जीव आहे. भय दाखविल्यावाचून अभय दाखविता येत नाही, हे त्या चित्रकाराला ठाऊक होते.

मिटल्या डोळ्यांच्या बुद्धांविषयी आमचा आक्षेप याहून गंभीर आहे. ध्यानमुद्रेचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु भांडण रस्त्यावर आणि तथागत भिंतीवर डोळे मिटून, अशा चित्रातून पाहणाऱ्याला एकच बोध होतो : गप्प बसावे. मराठीत ‘शांतता’ या शब्दाचा एक अर्थ निःशब्दता असाही आहे, आणि ज्या वस्तीवर हल्ला होतो तिलाच दुसऱ्या दिवशी शांततेचे आवाहन केले जाते, हे आपण पाहत आलो आहोत. पालितील ‘सामग्गी’ हा शब्द आम्हांला येथे अधिक उचित वाटतो. त्यात एकत्र येणे आहे, तोंड बंद करणे नाही.

भित्तिपत्रक म्हणजे काय हे कोल्हापूरला शिकवावे लागू नये. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ या मूकपटाचे चित्रमय भित्तिपत्रक बाबूराव पेंटरांनी केले, ते याच नगरीत. पुढे जी. कांबळे यांच्या कुंचल्याने ही कला नावारूपास आणली. चित्रपटाचे भित्तिपत्रक कथेचा शेवट सांगत नाही, पेच दाखविते. म्हणून वाटसरू थांबतो. शांततेची भित्तिपत्रके नेमका पेचच वगळतात.

अर्थात नजर वेधणे हा स्वतंत्र गुण नव्हे. डोळ्याने रूप पाहिल्यावर त्याचे ‘निमित्त’ पकडून बसू नये, असे सुत्तपिटकात भिक्खूंना पुनःपुन्हा बजावले आहे. ७ जून २०२३ रोजी या शहरात बंद, दगडफेक आणि लाठीमार झाला, त्याला निमित्त झाला तो भ्रमणध्वनीवर ठेवलेला मजकूर. तोही नजर वेधणाराच होता!

मग पेच कोणता काढावा? आमच्या मते रोहिणी नदीचा. धम्मपदट्ठकथेच्या सुखवग्गात ही कथा आहे. ज्येष्ठात पिके करपू लागतात, पाणी दोघांना पुरणार नाही म्हणून शाक्य आणि कोलिय यांचे कामकरी भांडतात. भांडण पाण्यावरून कुळावर जाते, शिव्या जातीच्या होतात आणि शस्त्रे निघतात. भगवंत राजांना विचारतात, हा कलह कशावरून? राजांना ठाऊक नसते. सेनापती व उपराज हेही निरुत्तर. प्रश्न खाली उतरत दास-कामकऱ्यांपाशी पोचतो तेव्हा उत्तर मिळते : पाण्यावरून. मारायला निघालेल्यांना कारण ठाऊक नसावे, याहून बोलके चित्र कोणते?

अट्ठकथेत भगवंत नदीवर आकाशात आसनस्थ होतात. प. पू. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात (मूळ इंग्रजी, १९५७) हा प्रसंग गृहत्यागापूर्वी आणला आणि चमत्कार काढून टाकला. त्यांचा सिद्धार्थ संघाच्या सभेत उभा आहे. युद्धाने प्रश्न सुटत नाही. दोन्ही बाजूंचे दोन-दोन जण निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि निवाडा करावा, असे तो सांगतो. मतदानात तो हरतो. चित्रकाराने हा क्षण घ्यावा : भरलेली सभा, एकटा उभा असलेला तरुण, त्याचे डोळे उघडे. येथे शांतता म्हणजे निवाड्याची पद्धत आहे, आणि ती मागणारा अल्पमतात आहे. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जे गेले, त्यांच्या वारसांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

स्पर्धेत एका मुलीने सार्वजनिक नळ काढला होता. घागरींची लांब रांग, हातघाईवर आलेल्या दोन बाया, आणि मध्ये रिकामी कळशी धरून उभी एक पोर. कबुतर कोठेच नव्हते. विषय सोडून काढले आहे, असे परीक्षकांचे मत पडले आणि त्या चित्राला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले नाही. निकालपत्रावर आमचीही सही आहे.