संगणक शिक्षक निवडताना

शाळेत संगणक येतात तेव्हा नारळ फुटतो. शिक्षक मात्र मागाहून शोधला जातो. १९८४-८५ च्या 'क्लास' योजनेत देशातील २५० शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, तेव्हापासून आपले लक्ष यंत्रावरच आहे. केंद्राच्या डिसेंबर २००४ च्या आयसीटी योजनेखाली महाराष्ट्रातील शाळांत यंत्रे आणि शिक्षक दोन्ही कंत्राटदारामार्फत, पाच वर्षांच्या कराराने आले. करार संपला की यंत्रे शाळेची होत. शिक्षक घरी जाई.

आमचा आक्षेप केवळ कराराला नाही, निवडीच्या कसोटीलाही आहे. उमेदवाराकडे पदवी किंवा प्रमाणपत्र असले की काम भागते. २००१ पासून एमएस-सीआयटीने असंख्य लोकांची संगणकाची भीती घालवली, हे मान्यच. पण ती परीक्षा संगणक वापरता येतो का ते पाहते. शिकवता येतो का, हे पाहण्यासाठी ती नाहीच.

हा फरक वर्ध्याला नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली. टकलीतून गणित, विज्ञान, समाज शिकवायचा, तर नुसता सूत कातणारा पुरणार नाही, हे समितीने ओळखले व शिक्षकांसाठी तीन वर्षांचे प्रशिक्षण सुचवले. पुढे जिथे असा शिक्षक मिळाला नाही, तिथे टकली नुसतीच फिरत राहिली. संगणकाचेही तेच होईल.

म्हणून मुलाखतीत उमेदवाराच्या हाती खडू द्यावा. वीज गेली आहे असे समजून त्याने आठवीच्या वर्गाला शिकवावे : १ ते १०० मधील मनात धरलेली संख्या 'हो-नाही' अशा उत्तरांच्या सातच प्रश्नांत कशी ओळखायची? दर प्रश्नाला निम्म्या संख्या बाद करण्याची युक्ती जो स्वतः न सांगता मुलांकडून काढून घेईल आणि १००० साठी दहा प्रश्न का पुरतात हेही त्यांनाच शोधू देईल, तो खरा संगणक शिक्षक.

आष्टी-कारंज्याच्या खेड्यात असा माणूस कुठून आणायचा, असे कोणी विचारील. पुष्कळदा तो शाळेतच असतो, गणित किंवा विज्ञान शिकवत. त्याला वर्षभराचे प्रशिक्षण द्यावे, इतर तासिका कमी कराव्यात आणि नेमणूक कायम ठेवावी. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने माध्यमिकच्याही आधी कोडिंग सुचवले आहे. पाच वर्षांनी निघून जाणाऱ्या माणसाच्या भरवशावर ते कसे उभे राहणार?