नापास होण्याचा हक्क

मराठी साहित्यात महाविद्यालयीन जीवनाचे चित्रण पुष्कळ झाले आहे. वसतिगृह, मेस, गॅदरिंग, प्राध्यापकांच्या लकबी, परीक्षेच्या आदल्या रात्रीची जागरणे या सामग्रीवर कथा-कादंबऱ्यांचे एक दालनच उभे राहिले. परंतु या जीवनाचा खर्च कोण करतो आणि किती दिवस करू शकतो, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारला नाही. मला तो विचारावासा वाटतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी शिकवतो. माझ्या वर्गातून मोठ्या उमेदीने खाजगी विद्यापीठांत गेलेली काही मुले दीड-दोन वर्षांनी परत माझ्यासमोर येऊन बसतात. त्यांच्याकडे पाहून मी ही पुस्तके पुन्हा वाचली.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहात राहतो, वडिलांचे पैसे उडवतो, अभ्यासाकडे पाठ फिरवतो आणि शेवटी शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. या कादंबरीने मराठी गद्याला नवे वळण दिले, हे मान्यच आहे. पांडुरंगाच्या वैफल्याची चर्चा दोन पिढ्यांनी केली. परंतु या वैफल्याला एक आधार आहे, याची चर्चा झाली नाही. गावी शेत आहे, वाडा आहे, शिव्या देणारा पण पैसे पाठवणारा बाप आहे. पांडुरंगाला नापास होणे परवडते. त्याची निरर्थकतेची जाणीव खोटी आहे असे मी म्हणत नाही. मात्र तिच्यामागे सातबाराचा उतारा आहे, एवढे तरी आपण नोंदवले पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूची पुस्तके पाहू. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार संगमनेरच्या बोर्डिंगात राहून शिकले. त्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्याची रचनाच बोलकी आहे. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. शिकलेल्या माणसाला आपल्याच न शिकलेल्या भूतकाळासमोर बसून ऐकावे लागते. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे शिक्षणासाठी दारोदार फिरलेल्या पोराचे निवेदन आहे. कुमुद पावडे यांनी ‘अंत:स्फोट’मध्ये संस्कृतच्या अध्ययनाची कथा सांगितली. सोमकुवर या आडनावाला जी नोकरी मिळाली नाही, ती आंतरजातीय विवाहानंतरच्या पावडे या आडनावाला मिळाली, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. या पुस्तकांतल्या एकाही विद्यार्थ्याला निरर्थकतेची चैन करता येत नाही. शिष्यवृत्तीच्या पैशावर शिकणारा नापास झाला, तर एक वर्ष वाया जाऊन भागत नाही. घराने एकदाच लावलेला डाव हातचा जातो.

हा फरक शैलीचा किंवा प्रतिभेचा नाही. नापास होण्याचा हक्क कोणाला आहे, याचा तो फरक आहे. चुकत चुकत, रेंगाळत, विषय बदलत शिकणे यालाच आपण विद्यार्थिदशा म्हणतो. ती दशा काहींना जन्माने मिळते. आमच्या मुलांना मिळतो तो एक प्रयत्न.

खाजगी शिक्षणाने या फरकाला नियमाचे रूप दिले, असे माझे म्हणणे आहे. ‘खाजगी’ या शब्दाला मी सरसकट दोष देत नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी सरकारी नव्हती. कर्मवीर भाऊरावांची रयत शिक्षण संस्थाही सरकारी नव्हती. औरंगाबादला १९५० साली निघालेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले. नागसेनाला प्रश्न विचारणारा तो राजा. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला द्यावे, यात शिक्षणाविषयीची एक संपूर्ण भूमिका आहे. म्हणून प्रश्न मालकीचा नाही, हेतूचा आहे.

आमच्या जिल्ह्यात हेतू कसा बदलला, याचा इतिहास उसाच्या फडातून जातो. लोणीजवळ प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचे हे काम मोठे होते. पुढे जिल्ह्यात जिथे कारखाना तिथे शिक्षणसंस्था, अशी रीत पडली. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडून दिले. त्याच लोणीत १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि २००३ साली तेथे अभिमत विद्यापीठ झाले. ग्रामीण भागात डॉक्टर, इंजिनियर घडू लागले, हे खरेच. परंतु त्या साखरेत आणखी कोणाचा घाम होता? पाथर्डी-शेवगावकडची, शेजारच्या बीडकडची माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात. त्यांत वंजारी आहेत, मराठा आहेत, आपली माणसेही आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल. कारखान्याच्या धुराड्यातून शिक्षणाच्या इमारती उगवल्या. पण फडात पाचट गोळा करणारे पोर त्या इमारतीत कोणत्या दाराने शिरले, हे कोणी लिहिले नाही.

माझी एक विद्यार्थिनी शिरली. बारावीला चांगले गुण होते. एका खाजगी विद्यापीठाचे प्रतिनिधी गावात येऊन रंगीत पुस्तिका देऊन गेले. गुणवत्तेसाठी शुल्कात सवलत मिळणार होती. उरलेल्या रकमेसाठी बापाने मुकादमाकडून जादा उचल घेतली. पहिल्या सत्रात सगळे शिकवणे इंग्रजीतून. गणिताच्या एका विषयात ती नापास झाली. तेव्हा कळले, की सवलत सगळे विषय पास होण्याच्या अटीवर होती. दुसऱ्या वर्षी पूर्ण शुल्काची मागणी आली. ती शिक्षण सोडायला तयार झाली, तर बाकी भरल्याशिवाय बारावीचे मूळ गुणपत्रक देता येणार नाही, असे सांगण्यात आले. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली बजावले आहे. पण ते परिपत्रक खिडकीवरच्या कारकुनाला कोण दाखवणार? गुणपत्रक सात महिन्यांनी हाती आले. बाप त्या हंगामात दोन उचलींचा ऊस तोडत होता.

मी तिला विचारले, ‘‘तिथं कुणी जातीवरून बोललं का गं?’’

ती म्हणाली, ‘‘नाही सर. तिथं कुणी काहीच बोललं नाही.’’

या उत्तरापाशी मी पुष्कळ दिवस थांबलो. ‘बलुतं’च्या काळात अपमानाला चेहरा होता. पाणी वरून ओतणारा हात दिसत होता, म्हणून नकार देता येत होता, विद्रोह करता येत होता. आता अपमान पावतीच्या रूपाने येतो. पावतीवर जात लिहिलेली नसते. पण जिच्यामागे सातबारा आहे तिला एक विषय मागे राहणे म्हणजे थोडी शरम. जिच्यामागे उचल आहे तिला तो परतीचा रस्ता. आणि मुले आडनाव लपवतात तीही उगाच नव्हे. २०१४ साली याच जिल्ह्यातील खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला शाळेच्या आवारातून मारत नेऊन ठार करण्यात आले. साक्षीदार फिरले आणि २०१७ साली आरोपी सुटले. गप्प राहणे कोठून शिकले जाते, हे निराळे सांगायला नको.

व्यवस्थेपुरते दोन शब्द. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आमच्या पिढ्या तिच्यावर शिकल्या. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खाजगी संस्थांतही राखीव जागांचा कायदा करण्याचा मार्ग मोकळा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०१४ साली विनाअनुदानित संस्थांबाबतही मान्य केला. तरी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या शिक्षणविषयक समितीला असा कायदा करा म्हणून शिफारस करावी लागली. देशातील तीन नामांकित खाजगी संस्थांत अनुसूचित जातींचे विद्यार्थी एक टक्काही नाहीत, हे तिनेच नोंदवले.

ती रंगीत पुस्तिका माझ्याजवळ आहे. तिच्यात ‘विद्यार्थ्यांचे अनुभव’ असे एक प्रकरण आहे. ग्रंथालय, मैदान, महोत्सव, नोकरीची हमी. सगळे तृप्त, सगळे हसरे. एक वाङ्मयप्रकार म्हणून मी ते वाचले. त्याचा नियम साधा आहे : जो शेवटपर्यंत पोचला तोच बोलतो. जो मधूनच गेला, त्याचा अनुभव हा अनुभवच नव्हे.

आणि येथे मला आपल्याकडेही वळून पाहावे लागते. आपल्या आत्मकथनांचा नियम याहून फार वेगळा आहे काय? लिहिले ते पास झालेल्यांनी. शंकरराव खरातांची ‘तराळ-अंतराळ’ ही तर तराळकीतून कुलगुरुपदापर्यंत पोचलेल्या माणसाची कथा आहे. तिचा अभिमान आहेच. पण संगमनेरच्या बोर्डिंगातून निघून गेलेली, परत न आलेली पोरे कोण होती? मी पदवीपर्यंत आलो. माझ्याबरोबर दहावीला बसलेला माझा चुलतभाऊ गणितात गेला आणि परत बसला नाही. सत्कार माझा झाला. आमच्या घरात शिक्षणाची गोष्ट सांगायची म्हटली, की सगळे माझ्याकडे पाहतात. त्याला कोणी विचारत नाही. हे मी आजवर कोठे लिहिले नव्हते.

दलित साहित्याने आतापर्यंत शाळेच्या दाराबाहेर बसवलेल्यांची वेदना मांडली. आता दारातून आत घेऊन, पैसे घेऊन, मागच्या दाराने काढून दिलेल्यांची वेदना मांडली पाहिजे. ती यशाची कथा असणार नाही. तिला शेवटी पदवीचा फोटो असणार नाही. तशी कथा वाचण्याची तयारी वाचकाने आणि समीक्षकानेही केली पाहिजे. शिक्षक-मित्रांना माझी एक विनंती आहे. दर जुलैत कोण आले याचे रजिस्टर आपण भरतो. कोण गेले, कोणत्या रकमेसाठी गेले, कोणता कागद अडकला, याचीही एक वही ठेवा.

त्या मुलीने यंदा आमच्याकडे कला शाखेत नाव घातले आहे. पहिल्या चाचणीत तिला एका विषयात कमी गुण पडले. घाबरून ती उत्तरपत्रिका घेऊन आली. मी तिला म्हणालो, ‘‘अगं, पुन्हा बस. इथं त्याचे पैसे पडत नाहीत.’’ तिने ते दोनदा विचारून खात्री करून घेतले.