चिमूटभर जिरे

प्राचीन ग्रीसचा वारसा म्हटला की आपण लोकशाही आणि शोकांतिका एवढ्यावर थांबतो. मला तो थिओफ्रास्टसच्या ‘कॅरेक्टर्स’मध्ये अधिक जवळून भेटतो. ॲरिस्टॉटलच्या या शिष्याने इ. स. पूर्व चौथ्या शतकात ३० स्वभावचित्रे रेखाटली. प्रत्येकाच्या आरंभी त्या दोषाची त्रोटक व्याख्या आहे. रस मात्र पुढच्या कृतींत. त्यातला चिक्कू नवरा बायकोला बजावतो, मीठ, जिरे, दिव्याची वात, काही म्हणून शेजारी उसने द्यायचे नाही. वर्षाकाठी केवढे होते ते! तिच्या हातून किरकोळ नाणे पडले, तर हा पलंग-पेट्या हलवतो. (अशी घरे मी पाहिली आहेत.) निरीक्षण अचूक, पण एकांगी. तिसांत एकही चित्र बाईचे नाही. जिरे मागायला शेजारीण दारात उभी राहिल्यावर त्या बायकोने काय केले, हे थिओफ्रास्टस लिहीत नाही.