गुणपत्रिका आणि उतारा

बारावीला ५१ टक्के मिळालेली एक विद्यार्थिनी परवा स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. 'सर, राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा अर्ज भरावा म्हणते. पण या गुणांवर हसतील ना?' कोण हसणार, हे तिने सांगितले नाही. मलाही विचारावे लागले नाही. घरातला पहिला पदवीधर मी. ते हसू माझ्या ओळखीचे आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेला, म्हणजे क्लॅटला, बसायला अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला बारावीत ४० टक्के पुरतात. खुल्या वर्गाला ४५. क्रमवारी लागते ती केवळ परीक्षेवर. म्हणजे गुणपत्रिका हा बागुलबुवा. खरा पहारा दुसरीकडे बसला आहे, आणि तो पाहायचा तर प्रश्नपत्रिका एखाद्या साहित्यकृतीसारखी वाचावी लागते.

दोन तास, १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. २०२० पासून प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले. सगळे इंग्रजीत. कायदा असो, तर्क असो, गणितसुद्धा, आधी उतारा भराभर वाचता आला पाहिजे. या कागदाने एक वाचक गृहीत धरला आहे: त्याच्या घरी सकाळी इंग्रजी पेपर पडतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी तर्कात हरत नाही, घड्याळापुढे हरते. निकाल मात्र म्हणतो, तर्कात कच्ची.

शिकवणे इंग्रजीत, मग परीक्षा मराठीत कशी, असा प्रतिवाद होतो. तो अगदीच पोकळ नाही. उच्च न्यायालयाची भाषाही इंग्रजीच. पण पाच वर्षांत शिकवायची गोष्ट दारातच मागायची, तर विद्यापीठ शिकवणार काय? राज्याच्या विधी सीईटीला मराठी चालते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची विधी विद्यापीठे राज्याच्याच २०१४ च्या कायद्याने उभी राहिली. तिथे पदवीचा प्रवेश मात्र क्लॅटमधून.

अशा वेळी आपल्या व्यासपीठांवरून बाबासाहेबांचे गुण सांगितले जातात. १९०७ ची मॅट्रिक, ७५० पैकी २८२. आणि १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य. टाळ्या पडतात. मधली पायरी वक्ते गाळतात: कॉलेजसाठी सयाजीराव महाराजांनी दिलेली महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती. क्लॅटचा नुसता अर्ज सवलतीनंतरही ३५०० रुपयांना पडतो.

ते आम्ही तिघा प्राध्यापकांनी वाटून भरले. आता ती रोज संध्याकाळी ग्रंथालयात घड्याळ लावून इंग्रजी अग्रलेख वाचते. पहिल्या दिवशी २१ मिनिटे लागली होती.